वाजवतंय कोण?

पुण्यात शिकणाऱ्या भाचीने फोनवर एक ध्वनिमुद्रण पाठवलं. खाली नाव नाही, गाव नाही, फक्त एवढंच लिहिलेलं, ‘मामा, वाजवतंय कोण ते ओळखा. नेटवर शोधायचं नाही.’ मी वर्ध्याला राहतो, दुकानदारांचे हिशेब लिहून देतो. संगीताशी माझा संबंध रेडिओवरची जुनी गाणी आणि गणपतीतल्या आरत्या, यापलीकडे गेलेला नाही. पण भाचीसमोर मामाने लगेच हात टेकायचे कसे? डोळे मिटून सगळं ऐकलं. चांगलं तेरा-चौदा मिनिटांचं होतं. नाकातून निघाल्यासारखा एक सूर गोल गोल फिरत होता, मागे पियानोवर तेच ते आवर्तन चाललं होतं आणि ड्रमवाला क्षणभरही स्वस्थ बसायला तयार नव्हता. मी उत्तर पाठवलं, ‘सनई आहे. बिस्मिल्ला खाँ नसावेत, त्यांचा एखादा शिष्य असेल.’

उत्तरादाखल आधी हसणारे चेहरे आले, मग फोन आला. ती सनई नव्हती, सोप्रानो सॅक्सोफोन होता. वाजवणारे जॉन कोल्ट्रेन, अमेरिकेतले जॅझ वादक. ‘माय फेव्हरिट थिंग्ज’ ही धून ‘द साउंड ऑफ म्युझिक’ या संगीत नाटकातली. ती घेऊन त्यांनी ऑक्टोबर १९६० मध्ये हे ध्वनिमुद्रण केलं. “पण मामा, तुमचं उत्तर अगदीच वाया गेलं नाही,” भाची म्हणाली. कोल्ट्रेन भारतीय संगीत मन लावून ऐकत. पंडित रविशंकरांबद्दल त्यांना इतका आदर होता, की १९६५ मध्ये झालेल्या मुलाचं नाव त्यांनी रवी ठेवलं. तो रवी कोल्ट्रेनही पुढे सॅक्सोफोनच वाजवू लागला. मला बरं वाटलं. मग लक्षात आलं, की वादक ओळखणं दूरच राहिलं, मला वाद्यच ओळखता आलेलं नाही.

हा खेळ भाचीने शोधलेला नव्हता. लेनर्ड फेदर नावाच्या समीक्षकाने १९४६ मध्ये अमेरिकेतल्या ‘मेट्रोनोम’ मासिकात तो सुरू केला आणि पुढे ‘डाउनबीट’ मासिकात नेला. नाव ‘ब्लाइंडफोल्ड टेस्ट’, म्हणजे डोळे बांधून घ्यायची परीक्षा. खरोखर डोळे बांधत नाहीत, तबकडीचं वेष्टन तेवढं लपवतात. एखाद्या नावाजलेल्या वादकाला बसवायचं, तबकडी लावायची आणि विचारायचं, वाजवतंय कोण, आणि आवडलं का? नावच माहीत नसल्याने त्याची भीड पडत नाही. पहिल्या परीक्षेला मेरी लू विल्यम्स या पियानोवादक बसल्या होत्या. “म्हणजे त्यात सगळे जाणकारच,” मी म्हणालो. भाची म्हणाली, “जाणकारही चुकतात मामा, आणि चुकलेलं छापून येतं.” ते ऐकून मला धीर आला. माझं चुकलेलं निदान छापून तरी येणार नव्हतं.

वाद्यं शिकायची तर वर्ध्यात कुणाकडे जायचं? जॅझचा जाणकार मला ठाऊक नव्हता. पण लग्नाच्या बँडमध्ये उभी हयात ट्रम्पेट वाजवलेले एक मास्तर ओळखीचे होते. आषाढी झाली की लग्नं थांबतात, ती तुळशीच्या लग्नापर्यंत. तेव्हा मास्तर मोकळेच होते. त्यांनी कपाटावरून पेट्या काढल्या आणि माझ्यापुढे वाद्यं मांडली. “हे पाहा भाऊ, ट्रम्पेट. याच्यात पत्ती नसते. थरथरते ते आपले ओठ. हे तीन पिस्टन हायेत, बाकी सारं ओठानं अन् दमानं काढा लागते.” मग सॅक्सोफोन हातात घेऊन म्हणाले, “हा पितळेचा हाय म्हणून याले ट्रम्पेटचा भाऊ नोका समजू. याच्या तोंडाले पत्ती हाय. क्लॅरिनेटले पत्ती, सनईले जोड पत्ती. मंग तुमी सनई म्हटलं, तर कायले हसली ते पोरगी?”

पत्ती म्हणजे बोरूच्या जातीच्या वनस्पतीची तासलेली पातळ चीप. तीवर फुंकर मारली की ती कंप पावते आणि नळीतून सूर निघतो. बेल्जियमच्या अ‍ॅडॉल्फ सॅक्सने सॅक्सोफोन बनवला आणि १८४६ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. अंग सगळं पितळेचं, पण पत्तीमुळे गणना लाकडी वाद्यांत. आकाराप्रमाणे त्याचे प्रकार आहेत. बहुधा सरळ नळीचा तो सोप्रानो, मग वाकडा अल्टो, त्याहून मोठा आणि खर्जातला टेनर, आणि त्याहून जाडजूड बॅरिटोन. एवढं वहीत लिहून झाल्यावर मला वाटलं, एकदा ट्रम्पेट फुंकून पाहावं. गाल फुगवले, जोर लावला, कानशिलं तापली. आतून नुसती हवा गेली. शेजारी मास्तरांचा शाळकरी नातू उभा होता. त्याने ट्रम्पेट घेतलं आणि गाल न फुगवता एक लांबलचक सूर काढून मला परत दिलं.

पुढची परीक्षा भाचीला सोपी वाटत होती. दोन तुकडे, दोन्हींत टेनर सॅक्सोफोन. प्रश्न एवढाच, की वाजवणारा एक की दोघे? पहिल्यात सूर जाडजूड, भरदार, प्रत्येक लांब सुराच्या शेवटी थरथर. दुसऱ्यात तोच बाजा हलका, कोरडा, जवळजवळ बिनथरथरीचा. मी विचार करून उत्तर दिलं, ‘माणूस एकच. दुसरं ध्वनिमुद्रण म्हातारपणीचं असावं, दम कमी झालाय.’ पाठवण्याआधी मास्तरांना ऐकवायला हवं होतं. नंतर ऐकवलं, तर पहिला तुकडा संपायच्या आतच ते म्हणाले, “हे दोघं जण हायेत.” कसं ओळखलं? “भाऊ, तुमी सूर ऐकून राह्यले, मी श्वास ऐकतो. हा पहिला वाक्य भरगच्च करते, मंगच श्वास घेते. दुसरा मधातच थांबते, जागा सोडते. माणूस दुरून येत असला तर तोंड दिसाच्या आधी त्याची चाल दिसते का नाही?”

उत्तर असं होतं, की पहिले कोलमन हॉकिन्स, १९३९ चं ‘बॉडी अँड सोल’. दुसरे लेस्टर यंग, १९३६ चं ‘लेडी बी गुड’. म्हणजे माझा तथाकथित म्हातारा तेव्हा पंचविशीच्या आसपासचा, आणि ध्वनिमुद्रणही आधीचं. दम कमी पडल्यामुळे त्यांचा सूर हलका नव्हता. त्यांना तो तसाच हवा होता. त्या काळी टेनर सॅक्सोफोन म्हणजे हॉकिन्ससारखाच वाजायला हवा, असं लोकांनी धरून ठेवलं होतं. यंग यांनी ते मानलं नाही, आणि त्यांच्यामागून आलेल्या कितीतरी जणांनी त्यांचा मार्ग धरला. मी ज्याला अशक्तपणा समजलो, तो एका माणसाचा हट्ट होता.

त्याच तबकडीने आणखी एक गोष्ट शिकवली. लेस्टर यंग तेव्हा काउंट बेसींच्या वाद्यवृंदात होते. पण या तबकडीवर बेसींचंही नाव नाही. बेसींनी दुसऱ्या कंपनीशी करार केलेला असल्याने ती ‘जोन्स-स्मिथ इनकॉर्पोरेटेड’ अशा नावाने निघाली. जोन्स हे ड्रमवाले, स्मिथ हे ट्रम्पेटवाले. पियानोवर बसलेल्या धन्याचं नाव गुल. अशीच गंमत १९५३ ची. टोरंटोच्या मॅसी हॉलमध्ये झालेल्या मैफलीची तबकडी निघाली, तिच्यावर अल्टो सॅक्सोफोनपुढे ‘चार्ली चॅन’ असं नाव छापलेलं आहे. वाजवणारे होते चार्ली पार्कर, अल्टो वाजवणाऱ्यांतले सर्वांत मोठे. करार आड येत होता म्हणून नाव बदललं. सूर काही बदलता आला नाही, त्यामुळे जाणकारांनी ओळखायचं ते ओळखलंच. पुस्तकातल्या नोंदीत जे लिहिलंय तेच खरं, असं धरून चालणाऱ्या माझ्यासारख्या हिशेबनिसाला हा मोठा धक्का होता.

तरीही धडा पूर्ण भिनला नसावा. पुढच्या वेळी भाचीने एक संथ, डुलत चालणारा तुकडा पाठवला. सुरुवातीच्या धूननंतर पियानोची ‘सोलो’, म्हणजे एकट्याने सुचेल ते वाजवायची पाळी. मग ट्रम्पेटची, मग टेनरची, मग अल्टोची. तुकडा कुठल्या तबकडीतला आहे एवढं तिने सांगितलं होतं. माइल्स डेव्हिस यांची १९५९ ची ‘काइंड ऑफ ब्लू’. मी इथे नियम मोडला आणि नेटवर यादी पाहिली. ट्रम्पेट माइल्स डेव्हिस, टेनर जॉन कोल्ट्रेन, अल्टो कॅननबॉल अ‍ॅडर्ली, पियानो बिल एव्हन्स, बास पॉल चेंबर्स, ड्रम जिमी कॉब. सगळी नावं एका दमात लिहून पाठवली. वर ‘पियानोचा स्पर्श ऐकताच एव्हन्स यांना ओळखलं’ अशी टीपही जोडली. उत्तर आलं, ‘मामा, नेटवर पाहिलंत ना?’

कारण त्या तबकडीतल्या या एकाच तुकड्यात, ‘फ्रेडी फ्रीलोडर’मध्ये, पियानोवर बिल एव्हन्स नाहीत, विंटन केली आहेत. बाकी चारही तुकड्यांत एव्हन्स. भाचीने सापळा लावला होता आणि मी स्वतःच्या पायांनी चालत त्यात गेलो. नंतर दोघांना मुद्दाम एकापाठोपाठ ऐकलं. केलींची बोटं ठेक्यावर खुशीत उड्या मारत जातात. एव्हन्स सूर हळूच ठेवतात आणि तो विरेपर्यंत थांबतात. फरक एवढा ढळढळीत होता, की मला स्वतःच्या कानांची शरम वाटली. त्यातलाच ‘ब्लू इन ग्रीन’ हा तुकडा ऐकताना ट्रम्पेट फार लांबून आल्यासारखं वाटलं. मास्तर म्हणाले, “बूच लावलं हाय.” त्याला म्यूट म्हणतात. ट्रम्पेटच्या रुंद तोंडात धातूचं एक झाकण खोचायचं, म्हणजे आवाज बारीक, दबका होतो. मी तोपर्यंत फोनच्या स्पीकरमध्ये कचरा गेला असं समजून तो फुंकून साफ करत होतो.

एका संध्याकाळी मास्तरच म्हणाले, “हे सारे तिकडचे झाले. आपल्या सिनेमात हेच बाजे कोण वाजवत होतं, हे तुमच्या भाचीले विचारा ना.” मला एकदम हुशारी आली. ‘अलबेला’ या १९५१ च्या चित्रपटातल्या एका गाण्यातला फक्त ट्रम्पेटचा तुकडा कापून मी पाठवला. गायनाचा एक शब्दही ठेवला नाही. भाचीचं उत्तर आलं, ‘अमेरिकन. लुई आर्मस्ट्राँगच्या वळणाचं. तीस-चाळीसच्या दशकातलं.’ मी तिला कळवलं, की वळण बरोबर, देश चूक, आणि गाण्याचं नाव सांगितलं. तिचा विश्वास बसेना. मास्तरांना हा तुकडा बोटांत पाठ होता, वरातीत कित्येकदा वाजवलेला. पण मूळ वाजवणारा कोण, हे त्यांनाही कधी कुणी सांगितलं नव्हतं. प्रश्न विचारून मोकळा झालेला मीही निरुत्तरच होतो.

मग शोधाशोध केली. संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे रामचंद्र चितळकर. नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचा जन्म, पण गाण्याचं सुरुवातीचं शिक्षण नागपुरात, शंकरराव सप्रे यांच्याकडे. पुढे पंडित झालेले वसंतराव देशपांडे हेही सप्रे गुरुजींचेच विद्यार्थी. नागपूर म्हणजे आमच्यापासून रेल्वेने तासा-दीड तासावर, त्यामुळे मास्तरांना हे ऐकून फार अभिमान वाटला. तबकडीवर गायक म्हणून ‘चितळकर’ आणि संगीतकार म्हणून ‘सी. रामचंद्र’ छापत, म्हणजे एकाच माणसाची दोन नावं. आणि ज्याच्या फुंकरीवर गाणं उसळतं, त्याच्यासाठी मात्र एकही नाव नाही.

ते नाव चिक चॉकलेट. मूळ नाव अँतोनियो झेवियर वाझ, गोव्यातल्या आल्दोना गावचे, जन्म १९१६ चा. मुंबईच्या हॉटेलांत त्यांचा स्वतःचा बँड होता. लोक त्यांना भारताचे लुई आर्मस्ट्राँग म्हणत. सी. रामचंद्रांचे ते सहायक होते. ‘अलबेला’त तर ते आपल्या वादकांसह पडद्यावरही दिसतात. ‘नादान’सारख्या चित्रपटांना त्यांनी स्वतः संगीतही दिलं. १९६७ मध्ये ते गेले. मी ‘अलबेला’ लहानपणी पाहिला होता, पुन्हा मोठेपणी पाहिला होता. दोन्ही वेळा माझं सगळं लक्ष नायक भगवानदादांच्या पायांकडे होतं.

पण गोव्याचेच इतके लोक का? याचं उत्तर शाळेत आहे. पोर्तुगीज अमलाखालच्या गोव्यात चर्चच्या शाळांमधून मुलांना पाच रेघांवरची स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकवत. हिंदी चित्रपटांच्या संगीतकारांना चाल सुचायची, पण पन्नास वादकांनी एकत्र वाजवायचं तर प्रत्येकाचा कागद वेगळा लिहावा लागतो. तो लिहिणारा आणि वाचणारा माणूस गोव्यात तयार मिळे. त्या कामाला ‘अरेंजर’ म्हणतात, म्हणजे मांडणी करणारा. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांची मांडणी सेबॅस्टियन डिसोझा करत. कुडचड्याचे फ्रँक फर्नांड ट्रम्पेट वाजवत, संगीतकारांचे सहायक म्हणून राबत आणि पुढे त्यांनी ‘आमचें नशीब’ आणि ‘निर्मोण’ हे कोंकणी चित्रपटही काढले.

हे लोक रात्री हॉटेलात जॅझ वाजवत आणि दिवसा स्टुडिओत सिनेमाची गाणी. १९३५ मध्ये लिऑन अ‍ॅबे या अमेरिकन कृष्णवर्णीय वादकाचा बँड मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. तेव्हापासून अमेरिकेचं हे संगीत इथल्या वादकांच्या कानावर प्रत्यक्ष पडू लागलं. मग १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. प्यायला बंदी म्हटल्यावर हॉटेलांतल्या रात्री थंडावल्या, आणि वादकांचा ओढा सिनेमाकडे आणखी वाढला. आमचा वर्धा जिल्हा गांधीजींच्या पुण्याईने आजही दारूबंदीचा. इथे जॅझ का रुजलं नाही, याचं एक कारण मला विनासायास मिळालं. आणि तेच संगीत वरातीच्या बँडमधून, सिनेमाच्या गाण्याच्या आडून, माझ्या घरासमोरून किती वर्षं जात होतं, हेही तेव्हाच कळलं.

आता मला चेव चढला. भाचीला ‘काश्मीर की कली’ या १९६४ च्या चित्रपटातल्या ‘है दुनिया उसी की’ची सुरुवात पाठवली. त्यातला सॅक्सोफोन मनोहारी सिंग यांचा. कलकत्त्याच्या नेपाळी कुटुंबातले मनोहारीदा संगीतकार सलील चौधरींच्या सांगण्यावरून १९५८ मध्ये मुंबईला आले आणि पुढची पन्नास वर्षं सॅक्सोफोन म्हटला की तेच, अशी स्थिती झाली. भाचीने दोन अमेरिकन नावं सांगितली आणि ती हरली. मी लगेच कुठलाही सॅक्सोफोन ऐकला की ‘मनोहारी सिंग!’ असं ओरडू लागलो. मास्तरांनी एकदा शांतपणे विचारलं, “भाऊ, सारं सॅक्सो त्यायचंच असते का? बाकीचे कोठी गेले मंग?”

‘रूप तेरा मस्ताना’, चित्रपट ‘आराधना’, १९६९, इथे मी बरोबर होतो. सॅक्सोफोन मनोहारीदांचाच. मी खुशीत पुढे म्हणालो, “आणि पेटीही काय सुंदर वाजवलीय!” ती पेटी नव्हती, अ‍ॅकॉर्डियन होतं. गळ्यात अडकवायचं, मधला भाता उघडमीट करायचा, उजवीकडे पियानोच्या पट्ट्या, डावीकडे बटणं. वाजवणारे केर्सी लॉर्ड, मुंबईचे पारशी, जे ड्रम आणि तालवाद्यंही वाजवत. मास्तरांनी माझी समजूत घातली, की पेटीतही धातूच्या पत्त्या आणि अ‍ॅकॉर्डियनमध्येही धातूच्या पत्त्या. त्यांच्या मते मी पत्तीपर्यंत नेहमी बरोबर पोचतो, घर तेवढं चुकतो.

या वादकांची नावं कळतात ती फार उशिरा आणि वळसा घालून. गाणी मुद्रित होत, वादकांना त्या दिवसाच्या कामाचे पैसे मिळत आणि ते दुसऱ्या स्टुडिओत जात. तबकडीवर चित्रपट, गायक, गीतकार, संगीतकार. न्यूझीलंडच्या ग्रेगरी बूथ या संशोधकाने मुंबईच्या या वादकांना गाठून त्यांच्या तोंडून हकिकती घेतल्या आणि २००८ मध्ये ‘बिहाइंड द कर्टन’ हे पुस्तक लिहिलं. नरेश फर्नांडिस यांनी ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’मध्ये मुंबईच्या जॅझची कहाणी सांगितली. पण मास्तरांना त्यातलं भावलं ते वेगळंच. याच बूथ यांनी त्याआधी, २००५ मध्ये, ‘ब्रास बाजा’ नावाचं पुस्तक लिहिलं होतं, ते आपल्याकडच्या लग्नाच्या बँडवर. “आमच्यावर पुस्तक?” मास्तर म्हणाले. “बापा! अन् आमाले आज मालूम पडून राह्यलं.”

अँथनी गोन्साल्विस यांचं नाव मात्र साऱ्या देशाला पाठ आहे, तेही भलत्याच कारणाने. गोव्यातल्या माजोर्ड्याचे हे व्हायोलिनवादक आणि अरेंजर. १९५८ मध्ये मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारात त्यांनी मोठा वाद्यवृंद उभा केला आणि त्यात लता मंगेशकर व मन्ना डे गायले. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतल्या प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले होते. त्या गुरूला मानवंदना म्हणून १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’तल्या त्या प्रसिद्ध गाण्यात त्यांचं नाव आलं. मी गणपतीत त्या गाण्यावर नाचलो आहे. अंड्यातून बाहेर येणाऱ्या अमिताभचंच ते नाव, अशी माझी आजवरची समजूत होती.

शेवटी एक तबकडी अशी सापडली, जिच्यावर सगळ्यांची नावं होती. १९६८ ची ‘राग जॅझ स्टाइल’. संगीत शंकर-जयकिशन यांचं, सतारीवर रईस खाँ, सॅक्सोफोन मनोहारी सिंग, ट्रम्पेट जॉन परेरा, ड्रम लेस्ली गोदिन्हो. अकरा राग, प्रत्येक थोडक्यात आणि जॅझच्या ठेक्यावर. मी, भाची आणि मास्तर, तिघांनी फोनवर एकत्र ऐकायचं ठरवलं. मला जॅझ थोडंफार समजू लागलंय आणि मास्तरांना ते अवघड जाईल, असा माझा अंदाज. मास्तरांनी एकामागून एक राग ओळखले. “हा भैरव. हा मालकंस. हा शिवरंजनी, हा तर बिदाईले वाजवतो आमी.” मी ‘ट्रम्पेट!’ असं बरोबर ओरडलो, तोवर राग निम्मा होऊन गेला होता.

या खेळातली मला सर्वांत पटलेली हकिकत रॉय एल्ड्रिज यांची. हे नामांकित कृष्णवर्णीय ट्रम्पेटवादक. नुसत्या आवाजावरून वाजवणारा गोरा की काळा हे मी सांगेन, अशी त्यांनी लेनर्ड फेदर यांच्याशी पैज लावली. १९५१ मध्ये परीक्षा झाली. एल्ड्रिज हरले आणि हरल्याचं त्यांनी मान्य केलं. आवाजातून माणसाची सवय कळते, शिक्षण कळतं, श्वास कुठे तुटतो हे कळतं. कातडीचा रंग कळत नाही. आडनाव ऐकताच माणसाचं सगळं कळलं असं समजणाऱ्या आपल्यासारख्यांना ही परीक्षा अधूनमधून द्यायला हरकत नाही.

माझी प्रगती म्हणाल, तर वाद्य आता बहुतेक वेळा ओळखता येतं, वादक क्वचित. नव्याने सुरुवात करणाऱ्यांना एवढंच सांगेन, की एकाच धूनची दोन वेगवेगळ्या माणसांनी वाजवलेली ध्वनिमुद्रणं घ्या, यादी बाजूला ठेवा आणि सुराआधी श्वास ऐका. आणि एक विनंती. घरात जुन्या तबकड्या किंवा कॅसेटी असतील आणि त्यांतला ट्रम्पेटवाला, व्हायोलिनवाला कोण हे सांगणारं कुणी वडीलधारं माणूस हयात असेल, तर आजच विचारून वेष्टनावर पेनाने लिहून ठेवा. यंदा तुळशीचं लग्न झालं की बँड पुन्हा रस्त्यावर येतील. वरातीचा व्हिडिओ तर तुम्ही काढणारच आहात. वाजवणाऱ्याला त्याचं नाव विचारा आणि व्हिडिओखाली ते टाका. त्याला एक ओळ पुरते.